पंचांमुखी परमेश्वर? फुटबॉलमधला व्हीएआर आणि दाद मागण्याचा हक्क

११ जून २०२४ रोजी दोहामध्ये भारत आणि कतार यांच्यात विश्वचषक पात्रता फेरीचा सामना झाला. ३७व्या मिनिटाला छांगतेने गोल केला आणि भारत पुढे गेला. हा सामना जिंकला असता तर भारत पहिल्यांदाच पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत पोचला असता. ७३व्या मिनिटाला कतारच्या युसूफ आयमनचा हेडर गुरप्रीतसिंग संधूने अडवला. चेंडू खांबाच्या बाजूने रेषा ओलांडून पूर्ण बाहेर गेला. कतारच्या खेळाडूने तो पायाने परत आत ओढला आणि आयमनने जाळ्यात मारला. रेफरीने गोल दिला. टीव्हीवर पाहणाऱ्या लाखो लोकांना चेंडू बाहेर गेलेला दिसत होता. फक्त ज्यांच्या हातात निर्णय होता त्यांनाच दिसत नव्हता, कारण त्या फेरीत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासणारा सहायक रेफरी, नव्हताच. ८५व्या मिनिटाला कतारने दुसरा गोल केला आणि भारत स्पर्धेबाहेर गेला.

भारतीय फुटबॉल महासंघाने तक्रार केली, चौकशी मागितली. निकाल बदलला नाही. बदलणारही नव्हता, कारण फुटबॉलचा पाचवा नियम सांगतो की गोल झाला की नाही आणि सामन्याचा निकाल काय, यांसह खेळातल्या घटनांबाबत रेफरीचा निर्णय अंतिम असतो.

तेव्हापासून आपल्या अकोला-अमरावतीच्या पोरांमध्येही हा वाद सुरू आहे. रात्री साडेबाराला मोबाइलवर प्रीमियर लीग पाहणारी ही पोरं. एक गट म्हणतो, व्हीएआर पाहिजेच. दुसरा गट म्हणतो, "अबे, गोल झाला त झाला, आता पाच मिनिटं टीव्हीत कायले पाहून राह्यला? सारी मजा गेली ना खेळाची!" वाद खेळाचा वाटतो, पण त्याच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे. निर्णय देणारा चुकला तर त्याच्याविरुद्ध दाद कुठे मागायची? आणि ती दाद मागणं हा आपला हक्क आहे की त्याची मेहेरबानी? हा प्रश्न आंबेडकरी माणसाइतका कुणालाच जवळचा नसेल. म्हणून या वादाचा इतिहास आपण आपल्या बाजूने तपासला पाहिजे.

पंच कोण होते?

मराठीत रेफरीला आपण पंच म्हणतो. कबड्डीच्या मैदानावर पंच, क्रिकेटमध्ये पंच. हाच शब्द पोलिसांच्या पंचनाम्यात आहे आणि हाच शब्द जातपंचायतीत आहे. त्याच्यासोबत एक म्हणही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे : पंचांमुखी परमेश्वर. म्हणजे पंच बोलले की देव बोलला. आणि देवाच्या निर्णयावर अपील कुठे असतं?

या म्हणीचा अर्थ आपल्या आज्या-पणज्यांना चांगला ठाऊक होता. गावाच्या पंचांत त्यांचा माणूस नव्हता. पाणवठ्याचा निर्णय पंचांचा, देवळाचा निर्णय पंचांचा, दंड आणि बहिष्कारही पंचांचा. ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांच्याच हातात शिट्टी.

वऱ्हाडातलंच उदाहरण घ्या. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरमध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली. विषय होता अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा. डॉ. पंजाबराव देशमुखांसारखे लोक या लढ्यात सोबत होते. मंदिर उघडायचं की नाही हे ठरवणार कोण? मंदिराचे विश्वस्त. म्हणजे ज्यांनी दार बंद ठेवलं होतं तेच दार उघडण्याच्या मागणीवर न्याय देणार होते. परिषदेने विश्वस्तांना मुदत देऊन सत्याग्रह पुढे ढकलला, पण मागणी सोडली नाही.

त्याच वर्षी महाडमध्ये काय घडलं ते आपण दरवर्षी २० मार्चला आठवतो. पण त्याच्या पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. चवदार तळं खाजगी आहे असा दावा सवर्णांनी डिसेंबर १९२७ मध्ये कोर्टात लावला आणि तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. बाबासाहेबांनी तो हुकूम पाळला आणि लढाई कागदपत्रांवर नेली. तळं कुणाचं, दुरुस्तीचा खर्च कुणी केला, सार्वजनिक वापर कधीपासून, वहिवाट खरोखर अनादी काळाची आहे का? महाडचं कोर्ट, ठाण्याचं कोर्ट आणि शेवटी मुंबई उच्च न्यायालय. अंतिम निकाल १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने लागला. जवळजवळ १० वर्षं लागली. "परंपरा सांगते" या पंचांच्या निर्णयाला बाबासाहेबांनी पुराव्याने आव्हान दिलं आणि तो उलटवला. पुरावा पाहून निर्णय फिरवायला लावणं ही आपल्या चळवळीची जुनी रीत आहे. व्हिडिओ रिव्ह्यूचं आपल्याला नवल वाटायचं कारण नाही.

सभ्य गृहस्थांचा खेळ

आता फुटबॉलच्या इतिहासाकडे या. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या श्रीमंतांच्या शाळांमध्ये हा खेळ नियमबद्ध झाला तेव्हा मैदानावर आजच्यासारखा रेफरी नव्हता. सभ्य गृहस्थ मुद्दाम फाउल करणार नाही असं गृहीत होतं. वाद झाला तर दोन्ही कॅप्टन मिटवत. पुढे प्रत्येक संघाचा एकेक पंच आला. या दोन पंचांचं जमलं नाही तर ज्याच्याकडे वाद सोपवायचा, तो रेफरी. तो मैदानाबाहेर उभा राहायचा. म्हणजे रेफरी हा मुळात अपिलाचा अधिकारी होता!

१८९१ मध्ये चित्र बदललं. रेफरी मैदानात आला, सर्व अधिकार त्याच्याकडे गेले आणि दोन पंचांचे लाइन्समन झाले. पेनल्टी किकही त्याच वर्षी आली. तोवर खेळ गिरणीकामगारांचा आणि खाणकामगारांचा झाला होता, पैसा आला होता, चुरस वाढली होती. कॉरिंथियनसारख्या उच्चभ्रू क्लबच्या गोटात पेनल्टीचा नियम अपमानकारक वाटला. आम्ही मुद्दाम फाउल करतो असं समजता काय, हा त्यांचा सवाल होता.

ही भाषा ओळखीची वाटत नाही का? "आमच्या गावात जातिभेद नाही", "आमच्या संस्थेत सगळे समान", "तक्रार समिती कशाला, आम्ही एका कुटुंबासारखे आहोत". ज्याला कधी अन्याय सोसावा लागला नाही त्याला नियम म्हणजे अविश्वास वाटतो. ज्याने सोसला आहे त्याला नियम म्हणजे आधार वाटतो.

पण १८९१ च्या बदलाने एक नवीन अडचण निर्माण केली. अपिलाचा अधिकारीच पहिला निर्णय देऊ लागला. त्याच्यावर कुणी उरलं नाही. पुढची सव्वाशे वर्षं फुटबॉल याच व्यवस्थेवर चालला.

जगाने पाहिलं, रेफरीने नाही

१९६६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या जेफ हर्स्टने मारलेला चेंडू आडव्या खांबाला लागून खाली आपटला. तो रेषेच्या आत पडला की नाही यावर आजही वाद आहे. लाइन्समनने गोल म्हटलं आणि इंग्लंड पुढे ४-२ ने जिंकला. २२ जून १९८६ रोजी मेक्सिकोत मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने गोल केला. १८ नोव्हेंबर २००९ रोजी पॅरिसमध्ये थिएरी हेन्रीने हाताने चेंडू थांबवला, त्यावर गालासने गोल केला आणि आयर्लंड विश्वचषकाला मुकला. २७ जून २०१० रोजी इंग्लंडच्या लॅम्पार्डचा चेंडू जर्मनीच्या गोलरेषेच्या चांगला आत पडला, तरी गोल दिला गेला नाही. त्या गोलनंतर फिफाच्या अध्यक्षांना माफी मागावी लागली. २०१२ मध्ये गोलरेषा तंत्रज्ञानाला मान्यता मिळाली आणि २०१४ च्या विश्वचषकात ते वापरलं गेलं.

इथे काही जण म्हणतील, मॅराडोना तर झोपडपट्टीतून आलेला पोरगा. साम्राज्यवादी इंग्लंडला त्याने हाताने हरवलं, त्यात वाईट काय? तेव्हा व्हीएआर असता तर गरिबाचा तो सूड राहिला नसता. ही मांडणी ऐकायला गोड आहे. पण पुरावा न पाहता निर्णय होण्याच्या व्यवस्थेत शंभरातून एखादी फसवणूक गरिबाच्या बाजूने जाते आणि तिची गाणी होतात. उरलेल्या कुणाच्या बाजूने जातात ते आपल्याला तलाठ्याच्या दप्तरापासून पोलीस ठाण्याच्या डायरीपर्यंत सगळीकडे माहीत आहे. बाबासाहेबांनी आपल्याला हातचलाखी शिकवली नाही. त्यांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, सायमन कमिशनपुढे निवेदन दिलं, आकडे दिले, कागद दिले. ज्याच्या हाती सत्ता नाही त्याच्यासाठी पुरावा हेच बळ असतं.

क्रिकेट आधी का बदललं?

क्रिकेटमध्ये हे आधी घडलं. १४ नोव्हेंबर १९९२ रोजी डर्बन कसोटीत सचिन तेंडुलकर टीव्ही रिप्ले पाहून बाद दिला गेलेला पहिला फलंदाज ठरला. त्याच मालिकेतल्या जोहान्सबर्ग कसोटीत जाँटी ऱ्होड्स धावबाद असल्याचं भारताने अपील केलं. पंच स्टीव्ह बकनर यांनी तिसऱ्या पंचाला विचारलंच नाही आणि नाबाद दिलं. रिप्लेत ऱ्होड्स बाद दिसत होता. कॅमेरा होता, तिसरा पंच बसलेला होता, सोय पूर्ण होती. पण विचारायचं की नाही हे पंचाच्या मर्जीवर होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिची गरज लागेल.

त्याआधी क्रिकेटमध्ये आणखी एक लढाई झाली होती. यजमान देशाचेच पंच असायचे आणि पाहुणा संघ कायम कुरकुरत असायचा. १९८६ मध्ये पाकिस्तानने वेस्ट इंडिजविरुद्धच्या लाहोर कसोटीसाठी भारताचे दोन पंच बोलावले : व्ही. के. रामस्वामी आणि मुंबईचे पिलू रिपोर्टर. आपल्याच घरच्या सामन्यात तटस्थ पंच. पुढे आयसीसीने ते धोरणच केलं. कुणीही आपल्याच खटल्यात न्यायाधीश होऊ नये, हे न्यायाचं साधं तत्त्व आहे. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी अल्पसंख्याकांना कसं वागवलं जातं यावर कायदेमंडळाला दरवर्षी अहवाल देणारा स्वतंत्र अधिकारी मागितला, त्यामागे हाच विचार होता. बहुसंख्याकांनी बहुसंख्याकांच्या वागण्याला प्रमाणपत्र द्यायचं, हे त्यांना मान्य नव्हतं.

२००८ पासून क्रिकेटमध्ये डीआरएस आला. म्हणजे खेळाडू स्वतः पंचाच्या निर्णयाविरुद्ध रिव्ह्यू मागू शकतो. जगातलं सर्वांत श्रीमंत बोर्ड असलेल्या बीसीसीआयने त्याला २०१६ पर्यंत विरोध केला. तंत्र अचूक नाही, हे कारण होतं. शंभर टक्के अचूक नाही म्हणून जे आहे तेही नको, हा युक्तिवाद कुणाला परवडतो याचा विचार करा.

मार्च २०१८

फुटबॉलचे नियम करणाऱ्या आयफॅब या मंडळाने २०१६ मध्ये व्हीएआरच्या चाचणीला परवानगी दिली आणि ३ मार्च २०१८ रोजी तो नियमांत घेतला. त्याच वर्षीच्या रशियातल्या विश्वचषकात तो वापरला गेला. १६ जूनला फ्रान्स विरुद्ध ऑस्ट्रेलिया सामन्यात व्हीएआरमुळे विश्वचषकातली पहिली पेनल्टी मिळाली. अंतिम सामन्यातही फ्रान्सला हँडबॉलची पेनल्टी व्हिडिओ पाहूनच दिली गेली.

आपल्याला मार्च २०१८ दुसऱ्या कारणासाठी आठवतो. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात ॲट्रॉसिटी कायद्याची धार बोथट करणारा निकाल दिला. अटकेआधी परवानगी, गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी. मैदानावरचा सर्वांत मोठा पंच बोलला होता. आपण काय केलं? "पंचांमुखी परमेश्वर" म्हणून घरी बसलो का? २ एप्रिलला देशभर बंद झाला, त्यात माणसं गेली. केंद्र सरकारला पुनर्विलोकन याचिका करावी लागली. संसदेने त्याच वर्षी कलम १८-अ आणलं. १ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ते निर्देश मागे घेतले.

देशाचं सर्वोच्च न्यायालय आपला निर्णय पुन्हा तपासतं, चूक झाली असं मानतं आणि तो मागे घेतं. संविधानाच्या अनुच्छेद १३७ ने त्याला तो अधिकार दिला आहे. त्यामुळे न्यायालयाची प्रतिष्ठा गेली का? मग शिट्टी फुंकणाऱ्या माणसाचा निर्णय तपासल्याने खेळाची प्रतिष्ठा कशी जाते?

व्हीएआरचं खरं दुखणं

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, हा तर व्हीएआरचा प्रचारक दिसतो. थांबा. आजच्या व्हीएआरवर माझे गंभीर आक्षेप आहेत. पण ते "मजा गेली" वाल्यांचे आक्षेप नाहीत.

पहिला आक्षेप. व्हीएआरमध्ये दाद कोण मागू शकतं? ज्याच्यावर अन्याय झाला तो खेळाडू? नाही. त्याचा कॅप्टन? नाही. प्रशिक्षक? नाही. काय तपासायचं ते रेफरी आणि खोलीत बसलेले त्याचे सहकारी ठरवतात. उलट खेळाडूने हवेत बोटांनी टीव्हीचा चौकोन काढून वारंवार रिव्ह्यू मागितला तर नियमानुसार त्याला यलो कार्ड मिळतं. न्याय मागणं हाच गुन्हा! ॲट्रॉसिटीची फिर्याद द्यायला गेलेल्या माणसावरच उलटी केस कशी होते, हे आपल्या कार्यकर्त्यांना वेगळं सांगायला नको.

जोहान्सबर्गची ती कसोटी आठवा. कॅमेरा असूनही विचारलं गेलं नाही. डीआरएसने तो दोष दूर केला, कारण तिथे रिव्ह्यू हा खेळाडूचा हक्क झाला. फुटबॉलमध्ये तो अजून वरच्यांच्या मर्जीवर आहे. बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत आजच्या अनुच्छेद ३२ ला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटलं ते यासाठीच. हक्क कागदावर असून भागत नाही. तो मोडला तर ज्याचा मोडला त्याला स्वतः न्यायालयाचं दार ठोठावता आलं पाहिजे.

दुसरा आक्षेप. व्हीएआर मुळात आला तो फक्त चार गोष्टी पाहायला : गोल, पेनल्टी, थेट रेड कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला कार्ड. आणि मतमतांतराचा प्रश्न असेल तर चूक "स्पष्ट आणि उघड" असावी लागते. म्हणजे मैदानावरचा पहिला निर्णय जड असतो. तपासणारा त्याला धक्का लावायला कचरतो. याची किंमत आपण मैदानाबाहेर फार मोठी मोजली आहे. २९ सप्टेंबर २००६ च्या खैरलांजी हत्याकांडात जातीय अत्याचाराचा कोन सुरुवातीपासून पातळ केला गेला. भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने २००८ मध्ये ॲट्रॉसिटी कायदा लागू मानला नाही आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही मानला नाही. पहिला पंचनामा कच्चा राहिला की वरच्या प्रत्येक पायरीवर तोच कच्चेपणा "पुरावा नाही" या नावाने परत येतो. म्हणून सगळं लक्ष वरच्या रिव्ह्यूकडे ठेवून चालत नाही. पहिली शिट्टी कोण फुंकतो, तेही पाहावं लागतं.

तिसरा आक्षेप. कॅमेरा खोटं बोलत नाही, पण कॅमेऱ्यामागे माणूसच असतो. ३० सप्टेंबर २०२३ रोजी टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस डियाझने गोल केला. मैदानावर ऑफसाइड दिला गेला. व्हीएआरने रेषा तपासली, तर गोल वैध होता. पण खोलीतल्या रेफरीला वाटलं की मैदानावर गोलच दिला आहे. "तपासणी पूर्ण" म्हणून त्याने होकार दिला आणि खेळ सुरू झाला. चूक काही सेकंदांत लक्षात आली, पण आता खेळ थांबवता येत नाही म्हणून सगळे गप्प राहिले. लिव्हरपूल २-१ ने हरला. तीन दिवसांनी त्या संभाषणाचं ध्वनिमुद्रण जाहीर झालं म्हणून जगाला हे कळलं. दोष कॅमेऱ्याचा नव्हता. चूक कळूनही ती दुरुस्त न करणाऱ्या व्यवस्थेचा होता.

पैसा आणि व्हीएआर

चौथी गोष्ट पैशाची. युरोपच्या बड्या लीगमध्ये डझनावारी कॅमेरे असतात. आपल्या आयएसएलमध्ये व्हीएआर नाही. ३ मार्च २०२३ रोजी बेंगळुरूत सुनील छेत्रीने घाईने घेतलेल्या फ्री किकवर गोल दिला गेला, तेव्हा केरळ ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला. क्लबला ४ कोटींचा दंड झाला, प्रशिक्षकावर १० सामन्यांची बंदी आली. त्यानंतर महासंघाकडून स्वस्तातल्या व्हीएआरची भाषा सुरू झाली. पुढच्याच वर्षी दोहाचा सामना झाला. म्हणजे श्रीमंतांच्या मैदानावर मिलिमीटरने न्याय आणि गरिबाच्या मैदानावर "रेफरीचा निर्णय अंतिम". ही खेळातली वर्णव्यवस्थाच आहे.

दाद मागायला जागा नसली की माणूस मैदान सोडतो. आपल्याकडे याचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. चर्मकार समाजात जन्मलेले पळवणकर बाळू हे त्या काळचे देशातले सर्वोत्तम गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. पण मुंबईच्या स्पर्धेत हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. १९२० मध्ये त्यांना संघातूनच वगळलं, तेव्हा त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर पत्र काढून खेळायला नकार दिला. गाजावाजा झाला, निवड समितीला नमतं घ्यावं लागलं आणि १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. निवड समितीच्या खोलीत कुठलाही कॅमेरा नव्हता आणि आजही नाही. कोण संघात येतं, कुणाला मैदान मिळतं, कुणाला बूट मिळतात, हे कुठलाही व्हीएआर तपासत नाही. नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन फुटबॉल सुरू केला, ज्यावरून नागराज मंजुळेंनी 'झुंड' केला, तो या न तपासलेल्या अन्यायाचाच रिव्ह्यू होता असं मी मानतो.

पैशाच्या प्रश्नाला आता उत्तर मिळू लागलं आहे. फिफाने २०२४ मध्ये महिलांच्या २० वर्षांखालील विश्वचषकात एक साधी पद्धत वापरली. वेगळी खोली नाही, वेगळे व्हिडिओ रेफरी नाहीत, थोडेच कॅमेरे. प्रशिक्षकाला सामन्यात दोनदा रिव्ह्यू मागता येतो. बरोबर निघाला तर संधी शाबूत राहते. रेफरी स्वतः मैदानाच्या कडेला जाऊन टीव्ही पाहतो. स्वस्त आहे आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दाद मागण्याचा हक्क संघाकडे आहे. प्रो कबड्डीतही संघ रिव्ह्यू मागतो, आणि त्यामुळे कबड्डीची मजा गेली असं वऱ्हाडातल्या कुठल्याही गावात कुणी म्हणताना ऐकलं नाही.

आपला कायदा व्हिडिओबद्दल काय म्हणतो?

व्हिडिओचा हा मुद्दा आपल्यासाठी फुटबॉलपुरता नाही. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. तिने कलम १५-अ आणलं. त्यातलं दहावं उपकलम सांगतं की या कायद्याखालच्या गुन्ह्यांची सर्व कार्यवाही चित्रित केली जाईल. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी प्रकरणातल्या जामिनाच्या सुनावणीचं चित्रीकरण करायला सांगितलं ते याच तरतुदीमुळे. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही आणि त्याचं चित्रीकरण १८ महिने जपून ठेवण्याचा आदेश दिला.

आता स्वतःला विचारा. ऑफसाइडची रेषा कशी आखतात हे आपल्याला तोंडपाठ आहे. पण कलम १५-अ (१०) किती जणांना माहीत आहे? आपल्या तालुक्यातल्या केसमध्ये चित्रीकरणाचा अर्ज किती फिर्यादींनी दिला? कॅमेरा असणं पुरेसं नाही, तो मागावा लागतो. आपल्या बाजूचं यलो कार्ड पत्करूनही मागावा लागतो.

सुरुवात आपल्या मैदानापासून

उपदेश देऊन थांबणं आपल्या चळवळीत बसत नाही. १४ एप्रिलच्या निमित्ताने आपल्या वस्त्यांमध्ये कबड्डी, क्रिकेट आणि फुटबॉलच्या स्पर्धा होतात. त्या पत्रिकांच्या तळाशी एक ओळ ठरलेली असते : "पंचांचा निर्णय अंतिम राहील." पुढच्या वेळी ती ओळ काढून टाका. तिच्या जागी लिहा : "प्रत्येक संघाला दोन वेळा दाद मागता येईल." गोलरेषेवर आणि मध्यरेषेवर एकेक मोबाइल स्टँडला लावा. दाद ऐकायला तिघांची समिती करा, त्यात एक तरी बाई असू द्या आणि खेळणाऱ्या दोन्ही वस्त्यांचं कुणी नको. निर्णय बदलला किंवा कायम ठेवला तर त्याचं कारण माइकवर सांगा. फिफानेसुद्धा २०२३ च्या महिला विश्वचषकात रेफरीला व्हिडिओ पाहून दिलेला निर्णय स्टेडियममध्ये बोलून सांगायला लावलं होतं.

दोन-चार मिनिटं जातील. जाऊ द्या. चवदार तळ्याच्या निकालासाठी आपल्या माणसांनी १० वर्षं वाट पाहिली. निर्णयाला कारण मागायची, पुरावा दाखवायची आणि पंचाला आदराने पण ठामपणे "साहेब, पुन्हा पाहा" म्हणायची सवय ज्या पोराला मैदानावर लागेल, तो उद्या पोलीस ठाण्यात, कॉलेजच्या प्रवेश खिडकीवर आणि ग्रामसभेतही मान खाली घालून परत येणार नाही.

पंचाच्या तोंडून परमेश्वर बोलत नाही. माणूस बोलतो, आणि माणूस चुकतो. त्याची चूक दाखवण्याचा हक्क आपल्याला संविधानाने दिला आहे. तो मैदानावरही वापरा आणि मैदानाबाहेरही.

जय भीम! जय संविधान!